एकाच वजनगटात दोन भाऊ

हे प्रकरण कुस्ती खेळणाऱ्या दोन भावांच्या कुटुंबाचं आहे. नावं, गाव, क्लब काढून टाकले आहेत. वजनं, उंची आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे. आईवडिलांनी मसुदा वाचला, दोन जागी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे. मी मुलांच्या खेळातल्या दुखापतींवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. या गोष्टीत एका टप्प्यावर मीही आहे आणि तिथे माझ्याकडून जे राहून गेलं तेही लिहिते आहे.

पार्श्वभूमी

थोरला पंधरा वर्षांचा, धाकटा चौदा. आठ-नऊ वर्षांचे असल्यापासून दोघं एकाच मॅटवर वाढले. वडील तरुणपणी कुस्ती खेळलेले, गुडघा गेल्यावर सोडलेली. आईचा कुस्तीशी आधी काहीच संबंध नव्हता, पण मुलांमुळे गुणफलक वाचायला ती इतकी शिकली की पंचांचा हात वर जायच्या आत गुण सांगायची.

आदल्या हंगामात थोरला ४४ किलोत आणि धाकटा ४१ किलोत खेळला. धाकटा तेव्हा तेराचा. त्या वयात १५ वर्षांखालील गटात उतरायचं तर वैद्यकीय दाखला आणि पालकांचं संमतिपत्र लागतं. आईनं ते संमतिपत्र सही करण्याआधी तीनदा वाचलं होतं. थोरल्यानं त्या वर्षी रौप्यपदक आणलं. उंच, सडपातळ, एकेरी पटाला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायला, विजेसारखा. धाकटा बसका, खांद्यात जोर असलेला, धरलं की न सोडणारा.

दोघांच्या शरीराचं घड्याळ वेगळं चालत होतं. मुलगे वाढीच्या ऐन भरात असताना वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर उंची आणि सुमारे नऊ किलो वजन कमावतात. हा भर कोणाला तेराव्या वर्षी येतो, कोणाला पंधराव्या. धाकट्याला तो लवकर आला. थोरल्याला नुकता सुरू होत होता आणि घरात त्याची कुणाला कल्पना नव्हती, कारण घरात वजन रोज मोजलं जायचं आणि उंची दिवाळीच्या कपड्यांच्या वेळीही नाही.

हंगामाच्या सुरुवातीला थोरला ४६.८ किलो, धाकटा ४७.३.

पेच

या वयाच्या मुलांच्या फ्रीस्टाइलमध्ये वजनगट ३८, ४१, ४४, ४८, ५२ असे वर चढत ८५ पर्यंत जातात. म्हणजे दोघंही ४८ मध्ये. संघात एका गटात एकच मुलगा. निवड चाचणीला सात आठवडे होते.

वस्ताद मुलांवर जीव असलेला माणूस. त्यांनी पालकांना बोलावून सांगितलं, "थोरला ४४ ला उतरला तर दोघांनाही जागा आहे. गेल्या वर्षी तो तिथंच खेळलाय, गट त्याच्या ओळखीचा आहे." आईवडिलांनी घरी जाऊन विचार करतो म्हणून सांगितलं. खरं तर त्यांचं मन तिथंच ठरलं होतं, असं आई आता म्हणते. "दोघांनाही जागा" हे तीन-चार दिवस तिच्या डोक्यात घुमत राहिलं.

समोर असलेले पर्याय

चार वाटा होत्या.

पहिली, थोरल्यानं ४४ ला उतरायचं. २.८ किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जवळपास सहा टक्के.

दुसरी, धाकट्यानं ५२ मध्ये जायचं. तिथे त्याच्यासमोर त्याच्याहून चार-साडेचार किलोंनी जड मुलं येणार. वस्तादांना मानेची आणि खांद्याची काळजी होती आणि ती रास्त होती.

तिसरी, दोघांनी ४८ मध्येच राहायचं आणि आपसात लढून कोण संघात जाणार ते ठरवायचं. हिच्यावर घरात दोन मिनिटंही चर्चा झाली नाही. वडील म्हणाले, "भावाभावांत कुस्ती लावायची? माझ्याच्यानं बघवणार नाही." इथे थांबायला हवं होतं. ही मुलं सहा वर्षं रोज संध्याकाळी एकमेकांशीच झटत होती. हरण्या-जिंकण्याचा त्यांचा हिशेब रोजचा होता, तो मॅटवरच मिटत होता. न बघवणं हा वडिलांचा प्रश्न होता. तो मुलांचा आहे असं धरून चालले. दोघांपैकी कुणाला विचारलं नाही.

चौथी वाट, एकानं ही स्पर्धा सोडायची. तिचा विषयच निघाला नाही.

वडिलांनी शोध घेतला, हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. अमेरिकेत नोव्हेंबर-डिसेंबर १९९७ मध्ये जेमतेम पाच आठवड्यांत तीन महाविद्यालयीन पैलवान वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथे आधी महाविद्यालयांसाठी आणि पुढे शाळांसाठी नियम झाले: आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त घट चालणार नाही. वडिलांनी गणित मांडलं. ४६.८ चा दीड टक्का म्हणजे ७०० ग्रॅम. चार आठवड्यांत २.८ किलो. आपल्याकडे सात आहेत. "म्हणजे आपण नियमाच्या आतच आहोत," असं त्यांनी आईला कागदावर दाखवलं.

त्या नियमाचा अर्धाच भाग त्यांच्या हाती लागला होता. उरलेला भाग पुढे येतो.

दुसरं उदाहरण त्यांच्या मनात होतं ते पॅरिस ऑलिम्पिकचं. ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. या घरात त्यातून निघालेला धडा असा: १०० ग्रॅमसुद्धा ढिलाई नको. मी त्याच घटनेतून वेगळं वाचते. त्याआधी ५३ किलोत खेळलेली, हाताशी तज्ज्ञांची फळी असलेली, जगातली अव्वल प्रौढ खेळाडू रात्रभर झटूनही शरीराला तेवढं खाली आणू शकली नाही. मग वाढत्या वयाच्या मुलाकडून आपण काय मागतो आहोत?

निर्णय आणि पुढचे सात आठवडे

थोरल्याला सांगितलं. तो "चालेल" म्हणाला. घरातला तो ऐकणारा मुलगा. धाकटा असता तर आधी भांडला असता. हे आईचं निरीक्षण आहे आणि मला ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पेच दोघांमुळे आला होता, पण तो सोडवायला ज्याचं शरीर वापरलं तो मुलगा नकार न देणारा होता.

खोलीच्या दारामागे तक्ता लागला. सकाळ-संध्याकाळ वजन. पहिल्या चार आठवड्यांत ४५.६ झालं, घरात समाधान होतं. मग काटा अडला. पाचव्या आठवड्यात ४५.४, सहाव्यातही ४५.४. त्या काळात आईनं पाहिलेल्या गोष्टी: पंख्याखाली थंडी वाजते म्हणून पांघरूण घेतो, चिडतो, धडा वाचताना तीच ओळ परत परत वाचतो, पॅन्ट आखूड झाली. शेवटच्या गोष्टीवर ती हसली होती. "उंच होतोय गं," असं आपल्या बहिणीला फोनवर कौतुकानं सांगितलंही. वजन कमी करायचं आणि उंची वाढते आहे, या दोन गोष्टी तिच्या मनात शेजारी आल्याच नाहीत.

माझ्याही आल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात थोरला माझ्याकडे आला होता, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं म्हणून. वाटीखालच्या हाडाचा उंचवटा दाबला की कळ. वाढीच्या भरात हाडं लांबतात, स्नायू मागे राहतात आणि मांडीच्या स्नायूचा ताण त्या कोवळ्या जागी येतो. खेळणाऱ्या मुलांमध्ये हे नेहमी दिसतं. मी निदान बरोबर केलं, ताणाचे व्यायाम दिले, उड्या कमी करायला सांगितल्या. त्याच्या आईला म्हणालेसुद्धा, "सध्या भराभर वाढतोय." पण पैलवान मुलगा समोर बसलेला असताना "कोणत्या गटात खेळतोस आणि आज वजन किती?" हे मी विचारलं नाही. गुडघा बघायचा होता, गुडघा बघितला. हा प्रश्न विचारला असता तर पुढचे तीन आठवडे कदाचित वेगळे गेले असते.

शेवटच्या तीन दिवसांत दीड किलो उरलं होतं. वडील म्हणाले, "आता उरलंय ते पाण्याचं." जाडजूड कपडे घालून धावणं झालं. पाणी घोटाघोटानं. आईनं विचारलं की तो "प्यायलो" म्हणायचा. आदल्या दुपारनंतर तो एक घोटही प्यायला नव्हता. धाकट्याला ते ठाऊक होतं.

चाचणीचा दिवस

सकाळी काट्यावर ४३.९. वडिलांनी पाठ थोपटली. दोन तासांनी पहिली लढत होती.

इथे एक गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी म्हणून सांगते. घाम गाळून उतरवलेलं वजन म्हणजे रक्तातलंही पाणी. रक्ताचं आकारमान घटतं, तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, शरीर तापतं आणि थंड व्हायला घाम उरत नाही. दोन तासांत पाणी प्यायल्यानं हे भरून येत नाही. पूर्वी मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वजन आदल्या संध्याकाळी व्हायचं, सावरायला रात्र मिळायची. २०१८ पासून ते लढतीच्या दिवशी सकाळी होतं, म्हणजे उतरवलेल्या वजनाची किंमत मॅटवरच मोजावी लागते.

थोरल्यानं पहिली लढत जिंकली, जुन्या सवयीवर. दुसरीत पहिली दोन मिनिटं पुढे होता. नंतर पकड सुटायला लागली, पट घ्यायला वाकला की परत उठता येईना. हरला. कडेला येऊन बसला, पोटऱ्यांना गोळे आले आणि बसल्या जागी कलंडला. शुद्ध हरपली ती थोडाच वेळ, पण आईला तो किती वाटला हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिला बोलता येईना.

शेजारच्या मॅटवर धाकटा ४८ ची लढत जिंकून उतरत होता. गर्दीतून येत तो वस्तादांवर ओरडला, "त्यानं कालपासून पाणी प्यायलेलं नाही!" पुढे घरी आईनं विचारलं, आधी का नाही बोललास? तो म्हणाला, "दादानं माझ्यासाठी जागा सोडली होती. मी सांगितलं असतं तर त्याचं फुकट गेलं असतं."

चौदा वर्षांचा मुलगा हे ओझं सात आठवडे घेऊन फिरत होता. सगळ्यांचं लक्ष थोरल्याच्या काट्यावर होतं, याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

दवाखान्यातलं गणित

शिरेतून सलाइन, एक रात्र देखरेख, तपासण्या. मूत्रपिंडं ठीक होती, हृदय ठीक होतं. डॉक्टरांनी तीन आठवडे मॅट बंद केली.

ती मुदत संपत आल्यावर क्रीडावैद्यकाकडे शरीरातल्या चरबीचं मोजमाप झालं. त्याआधी लघवीची घनता तपासली, कारण शरीरात पाणी कमी असेल तर पुढचे आकडे फसवे येतात. वडिलांना सापडलेल्या नियमाचा उरलेला भाग हाच: शाळकरी पैलवानाचं शरीर पाण्यानं भरलेलं असताना मोजायचं, आणि मुलाच्या शरीरात किमान ७ टक्के, मुलीच्या १२ टक्के चरबी राहील त्याच्या खालचा गट त्याला द्यायचाच नाही. आठवड्याला दीड टक्का ही उतरण्याची गती आहे. कुठवर उतरायचं ते या किमान वजनावर ठरतं.

थोरल्याचं वजन आता ४७.४ आणि चरबी ८ टक्के. डॉक्टरांनी वडिलांच्या हातात पेन दिलं. चरबी सोडून उरलेलं शरीर ४३.६ किलो. किमान ७ टक्के चरबी ठेवायची म्हणून ते ९३ टक्के धरलं, तर कमीत कमी वजन ४६.९. कातडीची घडी चिमट्यात धरून केलेल्या चरबीच्या मोजमापात थोडं इकडेतिकडे होतं, पण तीन किलोंचा फरक पडत नाही. म्हणजे ४४ हा आकडा या मुलासाठी त्या हंगामात नव्हताच. जे गेलं ते स्नायू आणि पाणी होतं.

वडील बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. "हे सुरुवातीला अर्ध्या तासात झालं असतं," इतकंच म्हणाले.

दुसरा निर्णय

पुढची स्पर्धा दहा आठवड्यांवर होती. या वेळी पालक, वस्ताद, दोन्ही मुलं आणि मी एकत्र बसलो. नवा तक्ता करायला मी जन्मतारखा विचारल्या. थोरल्याची ऐकली आणि वस्ताद एकदम गप्प झाले. वयोगट जन्मवर्षावरून ठरतो. वर्ष पालटलं की थोरला १७ वर्षांखालील गटात जाणार होता, जिथे गट ४५, ४८, ५१ असे आहेत. भाऊ-भाऊ एकाच गटात असण्याचा पेच फक्त काही महिन्यांचा होता. तारीख वस्तादांना पाठ होती, अर्ज तेच भरायचे. आईवडिलांना तर होतीच. पण सगळ्यांचे डोळे काट्यावर खिळलेले असताना भिंतीवरचं कॅलेंडर कुणी पाहिलं नाही.

मग मुलांना विचारलं. आधी वेगवेगळं, नंतर एकत्र. दोघांचं उत्तर एकच आलं: आम्ही ४८ मध्ये आपसात लढतो. थोरल्यानं पुढे जोडलं, "आधीच विचारलं असतं तर तेव्हाही हेच म्हणालो असतो."

डॉक्टरांची परवानगी आल्यावर आठव्या आठवड्यात लढत झाली. पंच बाहेरचे बोलावले, म्हणजे वस्तादांवर शंका नको. दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या. थोरला ४–२ पुढे होता. शेवटच्या काही सेकंदांत धाकट्यानं त्याला खाली आणलं, ४–४. दोघांचे डाव सारख्या किमतीचे, ताकीद कुणालाच नाही, मग शेवटचा गुण ज्याचा तो विजेता. धाकटा.

वडील पहिल्या फेरीत बाहेर निघून गेले होते. आई शेवटपर्यंत बसली. त्या रात्रीबद्दल तिच्या वहीत एक ओळ आहे: "थोरला पोटभर जेवला. दोन ग्लास पाणी प्यायला. झोपला."

निष्पत्ती

धाकटा स्पर्धेत दुसऱ्या लढतीत हरला. कोपऱ्यात टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन थोरला होता. नव्या वर्षात थोरला १७ खालच्या ५१ किलोत गेला. नेहमीच्या सरावावर, काहीही न उतरवता त्याचं वजन ५०.२ होतं आणि आठ महिन्यांत उंची सहा सेंटिमीटर वाढली होती. पहिल्या तीन स्पर्धांत त्याला पदक मिळालं नाही. त्या गटात मोठी, जुनी मुलं आहेत आणि तो अजून हात-पाय ओळखतो आहे.

क्लबनं हंगामाच्या आरंभी प्रत्येक मुलाची उंची, वजन आणि चरबी मोजायला सुरुवात केली आहे. वस्ताद ती वही स्वतः लिहितात. गुडघा घेऊन कुणी पैलवान आला की मी पहिला प्रश्न वजनगटाचा विचारते.

वेगळं काय करता आलं असतं

मोजमाप आधी करायला हवं होतं, हे उघड आहे. पण नुसत्या मोजमापानं हे टळलं असतं असं मला वाटत नाही. मुळाशी दोन्ही मुलांना सारखं मिळावं ही आईवडिलांची ओढ होती आणि ती इतकी चांगली होती की तिच्यावर कुणी शंका घेतली नाही. एकाला ४८ मध्ये जागा आणि दुसऱ्याला सात आठवड्यांची तहान, याला सारखं कसं म्हणायचं? एका मुलानं एक स्पर्धा घरी बसून काढली असती तर फार तर वाईट वाटलं असतं.

धाकट्याला ५२ मध्ये पाठवण्याबद्दल माझं आणि वस्तादांचं अजून जुळत नाही. मला वाटतं, वाढीच्या लाटेवर असलेल्या, खांद्यानं भक्कम मुलाला सात आठवडे बचावाची तयारी करून तिथे उतरवता आलं असतं. जिंकला नसता, पण शिकला असता. वस्ताद म्हणतात, चौदाव्या वर्षी दहा टक्के जड मुलाखाली मान अडकली की शिकणं राहतं बाजूला. त्यांनी तशा मुलाला उचलून नेलेलं आहे, मी नाही. त्यामुळे मी हा मुद्दा ताणत नाही.

मुलांना वेगवेगळं विचारणं मात्र पहिल्याच दिवशी शक्य होतं आणि त्याला काही लागत नव्हतं. थोरल्याचं "चालेल" हे आईसमोर, बाबांसमोर, वस्तादांसमोर दिलेलं उत्तर होतं. तीन मोठी माणसं समोर असताना ऐकणारा मुलगा दुसरं काय म्हणणार? धाकट्याला एकट्यात कुणी विचारलं असतं तर पाण्याची गोष्ट आदल्या रात्रीच बाहेर आली असती, असं तो स्वतः सांगतो.

घरातला वजनकाटा आता क्लबमध्ये आहे. आठवड्यातून एकदा, सोमवारी, वस्ताद वजन घेतात आणि आकडा घरी कळवत नाहीत. दारामागचा तक्ता काढला, पण चिकटपट्टीचे चार ठसे रंगावर राहिले आहेत. थोरला अजून सोमवारी सकाळी पाणी पीत नाही. कुणी उतरायला सांगितलेलं नाही, गरजही नाही. त्याला स्वतःला कारण सांगता येत नाही. यासाठी तो महिन्यातून दोनदा समुपदेशकाकडे जातो. गेल्या दोन सोमवारी आईनं भरलेला ग्लास टेबलावर ठेवला आणि ती खोलीतून निघून गेली. एकदा तो रिकामा होता, एकदा तसाच.